मित्रमंडळींच्या खर्चाचा हिशेब

1905 च्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये विमा कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्या जाहीरपणे उघडल्या गेल्या आणि निवडणुकीचा पैसा कोठून येतो हे अमेरिकेतील सामान्य नागरिकाला नावानिशी व आकड्यांनिशी कळले. त्या वह्यांतील नोंदींचा अर्थ भल्याभल्या संचालकांच्या तोंडून वदवून घेणारे गृहस्थ त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. व्यवसायाने वकील, राजकारणाशी संबंध मतदारापुरता. चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे त्यांचे नाव. पुढे ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, अध्यक्षपदाचे पराभूत उमेदवार, परराष्ट्रमंत्री आणि अखेर अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. आपल्याकडील इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव ठाऊक असते ते 1921-22 च्या वॉशिंग्टन नौदल परिषदेमुळे. निवडणुकीतील पैशाचा प्रश्न मात्र या माणसाच्या आयुष्यात तीनदा येऊन उभा राहिला, आणि तिन्ही वेळा त्यांची जागा वेगळी होती: प्रथम तपासनीसाची, नंतर आरोपीच्या वकिलाची, शेवटी न्यायाधीशाची. उमेदवाराने स्वतः केलेला खर्च आणि त्याच्यासाठी, परंतु त्याच्यापासून अलग राहून, इतरांनी केलेला खर्च यांना कायद्याने कसे वागवावे या आजही न सुटलेल्या प्रश्नाचा उगम शोधताना या तिन्ही जागा पाहाव्या लागतात.

ह्यूज यांचा जन्म 11 एप्रिल 1862 रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्लेन्स फॉल्स या गावी झाला. वडील वेल्समधून आलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. एकुलता एक मुलगा, घरात शिस्त आणि पुस्तके भरपूर, पैसा बेताचा. 1881 मध्ये ब्राऊन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत ग्रीक, लॅटिन व बीजगणित शिकविले. ती शाळा ज्या गावात होती त्याचे नाव दिल्ली हे आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल. न्यूयॉर्क राज्यात त्या नावाचे एक लहानसे गाव आहे. नंतर कोलंबियातून कायद्याची पदवी, एका नामांकित वकिली कचेरीत प्रवेश, त्या कचेरीच्या ज्येष्ठ भागीदाराच्या कन्येशी 1888 मध्ये विवाह, मध्ये दोन वर्षे कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा क्रम सरळ रेषेत चालला होता. 1905 च्या आरंभी शहरातील गॅस कंपनीच्या दरांची चौकशी विधिमंडळाच्या समितीने सुरू केली तेव्हा वकील म्हणून त्यांना बोलाविण्यात आले. गॅसचा खरा उत्पादनखर्च त्यांनी कंपनीच्याच कागदांतून काढून दाखविला. त्या उन्हाळ्यात ते आल्प्स पर्वतात सुटी घालवीत असताना दुसरे बोलावणे आले, आणि हे काम गॅसपेक्षा फार मोठे होते.

आयुर्विमा हा त्या काळी अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या बचतीचा एक प्रमुख मार्ग होता. इक्विटेबल, म्युच्युअल आणि न्यूयॉर्क लाइफ या तीन कंपन्यांकडे कोट्यवधी डॉलरांच्या ठेवी होत्या. इक्विटेबलच्या तरुण वारसदाराने 1905 च्या जानेवारीत फ्रेंच राजदरबाराच्या थाटात दिलेल्या मेजवानीवरून संचालकांत भांडणे जुंपली आणि आतल्या गोष्टी चव्हाट्यावर येऊ लागल्या. मग राज्य विधिमंडळाला चौकशी टाळता येईना. सिनेटर आर्मस्ट्राँग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व ह्यूज तिचे वकील झाले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 57 जाहीर बैठका झाल्या.

येथे कंपनीची घडण समजून घेणे आवश्यक आहे. म्युच्युअल आणि न्यूयॉर्क लाइफ या परस्पर तत्त्वावरील संस्था होत्या. म्हणजे कायद्याने त्यांचे मालक विमेदारच. प्रत्यक्षात हे मालक देशभर विखुरलेले, एकमेकांना अनोळखी, आणि मतदानाचे अधिकारपत्र अधिकाऱ्यांच्याच स्वाधीन केलेले. ज्याचा पैसा त्याच्या हाती सत्ता नाही आणि ज्याच्या हाती सत्ता त्याचा पैसा नाही, असा हा प्रकार होता. आपल्याकडे 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले त्यामागेही विमेदारांच्या ठेवींशी खाजगी चालकांनी केलेला खेळ हे एक कारण होते, हे जुन्या वाचकांना आठवेल.

ह्यूज यांची पद्धत अगदी साधी होती. ते आवाज चढवीत नसत, साक्षीदाराला टोमणे मारीत नसत. रात्रभर वह्या वाचून आलेला हा दाढीधारी वकील एखादी नोंद पुढे करी आणि ती कशाची, एवढेच विचारी. न्यूयॉर्क लाइफच्या हिशेबात त्यांना जे. पी. मॉर्गन कंपनीच्या नावे 48,702 डॉलर 50 सेंट एवढी एक रक्कम सापडली. रोख्यांच्या व्यवहारात ती कोठे बसत नव्हती. कंपनीचे उपाध्यक्ष जॉर्ज पर्किन्स हे त्याच वेळी मॉर्गन यांच्या पेढीचेही भागीदार होते. त्यांना साक्षीत सांगावे लागले की 1904 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीला त्यांनी आपल्या खिशातून पैसे दिले होते आणि कंपनीने ते त्यांना भरून दिले, ती ही रक्कम. पुढे कळले की म्युच्युअल आणि इक्विटेबल यांनीही त्याच निवडणुकीला हजारो डॉलर दिले होते. विमेदारांना पाठविल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालांत यातले काहीच नव्हते. शिवाय कायदेशीर खर्च या निरुपद्रवी शीर्षकाखाली विधिमंडळातील सदस्यांची मर्जी राखणाऱ्या मध्यस्थांवर लाखो डॉलर उधळले गेल्याचे उघड झाले, ते वेगळेच.

न्यूयॉर्क लाइफचे अध्यक्ष मॅक्कॉल यांनी देणग्यांचे उघड समर्थन केले. 1896 मध्ये डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन यांनी चांदीच्या मुक्त टाकसाळीचा पुरस्कार केला होता. चलन स्वस्त झाले असते तर विम्याच्या रकमेचे खरे मोल घसरले असते. सबब ब्रायन यांच्या पराभवासाठी दिलेला पैसा विमेदारांच्या हितासाठीच दिला, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नाही. चलनवाढीने ठेवीदाराचे नुकसान होते हे खरे आहे. पण त्याच कंपन्यांचे कितीतरी विमेदार पश्चिमेकडील व दक्षिणेकडील कर्जबाजारी शेतकरी होते, आणि त्यांनी ब्रायन यांना मत दिले होते. कर्जदार म्हणून स्वस्त चलन हवे की विमेदार म्हणून महाग, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांनी भरलेल्या हप्त्यातून त्यांच्याच उमेदवाराविरुद्ध प्रचार झाला आणि त्याची त्यांना वार्ताही नव्हती. अन्याय झाला तो येथे. ब्रायन यांचे धोरण बरोबर होते की चूक, याच्याशी त्या अन्यायाचा संबंध नाही.

नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे वयोवृद्ध सूत्रधार सिनेटर प्लॅट साक्षीला आले. विमा कंपन्यांकडून दहा-दहा हजार डॉलर रोख येत, ते आपण पक्षाच्या कामासाठी वाटीत असू, हे त्यांनी सांगितले. त्या पैशावर निवडून आलेल्यांना देणाऱ्यांविषयी एक नैतिक बांधिलकी वाटत असेल ना, असे ह्यूज यांनी हळूहळू त्यांच्याकडून कबूल करून घेतले. लाच दिली असा पुरावा नव्हता, करारपत्र नव्हते, सौदा ठरला नव्हता; होती ती फक्त न बोललेली कृतज्ञता. आणि कृतज्ञता कोणाविषयी वाटते हे मतदाराला माहीत नव्हते.

चौकशी रंगात आली असताना रिपब्लिकन पक्षाने ह्यूज यांना न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची उमेदवारी देऊ केली. पक्षाच्याच देणग्या बाहेर येत असताना तपासनीसाला उमेदवार करून टाकावे, ही युक्ती फारशी गूढ नव्हती. ह्यूज यांनी उमेदवारी नाकारली आणि दुसऱ्या दिवशी वह्या पुढे वाचू लागले.

पर्किन्स यांच्यावर कंपनीच्या पैशाच्या अपहाराचा खटला भरण्याचा प्रयत्न झाला, पण 1907 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने अवघ्या एका मताच्या बहुमताने त्यांना मोकळे केले. गुन्ह्याचा हेतू सिद्ध होत नव्हता. म्हणजे जे घडले ते चालू कायद्याने गुन्हाच नव्हते. कायदा बदलल्याखेरीज गत्यंतर उरले नाही. न्यूयॉर्क राज्याने 1906 मध्येच कंपन्यांच्या निवडणूक देणग्यांवर बंदी घातली आणि विधिमंडळात खटपटी करणाऱ्या मध्यस्थांची नोंदणी सक्तीची केली. ज्यांच्या 1904 च्या प्रचारात तो पैसा वापरला गेला होता त्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1905 च्या डिसेंबरात काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात अशीच बंदी सुचविली. 26 जानेवारी 1907 रोजी टिलमन कायद्याने ती सर्व देशाला लागू झाली. देणगीदारांची नावे प्रसिद्ध करण्याचा पहिला केंद्रीय कायदा 1910 साली आला. त्याच्या पोटात एक लहानसे बीज होते: पक्षाच्या राष्ट्रीय समितीबरोबरच, दोन किंवा अधिक राज्यांत प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीवर प्रभाव पाडण्यासाठी काम करणाऱ्या कोणत्याही समितीने हिशेब द्यावा. तूर्त त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

चौकशीने प्रसिद्ध झालेल्या ह्यूज यांना पक्षाने 1906 मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे केले. समोर होते वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. निवडणुकीनंतर नव्या कायद्यानुसार दोघांनी आपापला हिशेब सादर केला. हर्स्ट यांचा खर्च अडीच लाख डॉलरांच्या वर, तर ह्यूज यांचा सुमारे 619 डॉलर! या आकड्यांचे पुष्कळ कौतुक झाले, आणि ह्यूज सुमारे 58 हजार मतांनी निवडून आले. परंतु कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होत होती. हर्स्ट यांचा पैसा स्वतःचा होता, म्हणून तो त्यांच्या नावावर दिसला. ह्यूज यांच्या वतीने रिपब्लिकन पक्षाच्या समितीने जो भरपूर खर्च केला तो उमेदवाराच्या हिशेबात येण्याचे कारण नव्हते. एकाच शर्यतीतील दोन धावपटूंना दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजल्यासारखे झाले. याचा दोष ह्यूज यांच्याकडे जात नाही. त्यांनी सत्य तेच लिहून दिले होते. उमेदवाराचा कागद संपूर्ण खरा असू शकतो आणि तरीही निवडणुकीच्या खर्चाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही, हे मात्र तेव्हाच दिसून आले होते.

गव्हर्नर म्हणून त्यांनी सार्वजनिक सेवा आयोग स्थापले, कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला, घोड्यांच्या शर्यतींवरील जुगाराशी झुंज दिली आणि पक्षातील मुखंडांना सतत नाराज ठेवले. 1910 मध्ये अध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. सहा वर्षांनी, 1916 च्या जूनमध्ये, रिपब्लिकन पक्षाने त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि न्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन ते रिंगणात उतरले. त्यांच्या प्रचार समितीत एक सदस्य होते जॉर्ज पर्किन्स. हो, तेच. राजकारणात अशा भेटी टळत नाहीत. विल्सन यांच्याकडून ह्यूज 277 विरुद्ध 254 निर्वाचक मतांनी हरले. कॅलिफोर्नियातील चार हजारांहून कमी मतांनी अमेरिकेचा अध्यक्ष ठरविला. ह्यूज पुन्हा वकिलीकडे वळले. 1920 च्या आरंभी न्यूयॉर्क विधिमंडळाने पाच समाजवादी सदस्यांना केवळ त्यांच्या मतांसाठी बाहेर काढले तेव्हा या सनातनी रिपब्लिकनाने त्यांच्या बाजूने आवाज उठविला. त्यांचा स्वभाव समजण्यास हा प्रसंग उपयोगी आहे. आरोपी कोण आहे, यापेक्षा त्याच्यावर लावलेला नियम टिकतो का, याकडे त्यांची नजर असे.

याच स्वभावातून की भरभक्कम फीच्या आकर्षणातून ते सांगणे कठीण, पण न्यूबेरी यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. माजी नौदलमंत्री ट्रूमन न्यूबेरी हे 1918 मध्ये मिशिगन राज्यातून सिनेटसाठी उभे होते. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी होते मोटारकारखानदार हेन्री फोर्ड. कायद्याने उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा चार हजार डॉलरांच्या आत होती. न्यूबेरी समितीने पावणेदोन लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. पैसा मुख्यतः त्यांच्या भावाचा, नातलगांचा आणि मित्रांचा होता. न्यूबेरी स्वतः त्या काळात नौदलाच्या गणवेषात न्यूयॉर्कमध्ये नोकरीवर होते. आपण काहीही खर्च केला नाही, जे केले ते मित्रमंडळींनी, अशी त्यांची भूमिका होती. 1920 मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. दोन वर्षांची कैद व दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

सर्वोच्च न्यायालयापुढे ह्यूज उभे राहिले. प्राथमिक निवडणूक ही राज्यघटनेच्या अर्थाने निवडणूकच नव्हे, म्हणून काँग्रेसला तिचे नियमन करता येत नाही, हा मुख्य मुद्दा होता. दुसरा मुद्दा मित्रांच्या खर्चाचा. इतर लोक आपल्यासाठी खर्च करीत आहेत हे उमेदवाराला ठाऊक आहे आणि तरीही तो मैदानात टिकून आहे, एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरतो काय? 2 मे 1921 रोजी शिक्षा रद्द झाली. पहिल्या मुद्द्यावर न्यायाधीश जवळजवळ समसमान विभागले होते. तो मान्य नसलेल्या सरन्यायाधीश व्हाइट यांनीही ज्यूरीला उमेदवाराच्या जबाबदारीबद्दल चुकीचे मार्गदर्शन झाले असे मानून खटला पुन्हा चालवावा असे म्हटले. सिनेटने 1922 च्या जानेवारीत न्यूबेरी यांना 46 विरुद्ध 41 मतांनी जागा दिली, पण त्याच ठरावात खर्चाचा निषेधही केला. वर्ष संपण्याआधी त्यांनी राजीनामा दिला.

टीकाकारांनी तेव्हा ह्यूज यांना ढोंगी म्हटले. 1905 मध्ये पैशाचा माग काढणारा आता पैशाला वाट करून देत आहे, असा आरोप झाला. हा आरोप अर्धाच खरा आहे. दुसऱ्या मुद्द्यापुरते ह्यूज बरोबर होते. शेजाऱ्याने आपल्या खर्चाने पत्रके छापली म्हणून उमेदवाराला तुरुंगात घालणे न्यायाचे नाही. तसे केल्यास शत्रूनेच चार पैसे खर्च करून कोणालाही अडकवावे. पण मग शेजाऱ्याचा हिशेब कोण मागणार? उमेदवार जबाबदार नाही, हे एकदा मान्य केले की खर्च करणाऱ्याला स्वतः जबाबदार धरावे लागते. तेवढे न केल्यास जबाबदारी हवेत विरून जाते. न्यूबेरींचा आकडा जगाला कळला तो त्यांच्या समितीने हिशेब दाखल केला म्हणून. ह्यूज यांच्या विजयाने मर्यादा ढिली झाली, आणि तिच्या जागी उघडपणाची सक्ती घट्ट करण्याचे काम शिल्लक राहिले. ते वकिलाचे काम नव्हते हे मान्य केले तरी, आर्मस्ट्राँग समितीच्या वकिलाकडून त्याविषयी एखादे भाषण तरी अपेक्षित होते.

खटल्याचा निकाल लागला तेव्हा ह्यूज अध्यक्ष हार्डिंग यांचे परराष्ट्रमंत्री झाले होते. नौदल परिषदेत त्यांनी पहिल्याच दिवशी युद्धनौका मोडीत काढण्याचे नेमके आकडे मांडून जगाला चकित केले. त्याच मंत्रिमंडळातील सहकाऱ्याने नौदलाचे तेलसाठे खाजगी कंपन्यांना देऊन लाच खाल्ल्याचे प्रकरण गाजले. ह्यूज यांना त्याचा स्पर्शही झाला नाही. त्या प्रकरणाच्या धक्क्यातून 1925 चा भ्रष्ट निवडणूक व्यवहार प्रतिबंधक कायदा जन्मला. त्यात प्राथमिक निवडणुका वगळल्या गेल्या, तो न्यूबेरी निकालाचा परिणाम. परंतु 1910 चे ते लहानसे बीज त्यात अधिक विस्ताराने रुजविलेले होते. दोन किंवा अधिक राज्यांत निवडणुकीवर प्रभाव पाडण्यासाठी पैसा गोळा करणारी किंवा खर्चणारी कोणतीही समिती, मग ती पक्षाची असो वा नसो, राजकीय समिती गणली जाईल आणि तिने देणगीदारांची नावे द्यावीत, असे त्यात म्हटले होते. अध्यक्षाच्या निवडणुकीलाही ते लागू होते.

1930 मध्ये अध्यक्ष हूवर यांनी ह्यूज यांना सरन्यायाधीश नेमले. बड्या कंपन्यांचे वकील म्हणून सिनेटमध्ये त्यांना कडवा विरोध झाला व 52 विरुद्ध 26 मतांनी नेमणूक संमत झाली. चार वर्षांनी बरोज यांचा खटला त्यांच्या न्यायालयापुढे आला. 1928 मध्ये डेमोक्रॅट पक्षाने आल स्मिथ यांना उमेदवारी दिली होती; ते कॅथॉलिक आणि दारूबंदीचे विरोधक. दक्षिणेतील मेथॉडिस्ट बिशप जेम्स कॅनन यांनी स्मिथविरोधी डेमोक्रॅटांची एक समिती व्हर्जिनियात उभारली. ही समिती कोणत्याच पक्षाची नव्हती, कोणत्या उमेदवाराची नव्हती. तिला फक्त स्मिथ नको होते. शेकडो सभा, पत्रके, चर्चमधील प्रवचने यांचा परिणाम असा झाला की यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासून डेमोक्रॅटांकडे असलेले व्हर्जिनिया राज्य हूवर यांच्याकडे गेले. नंतर उघड झाले की न्यूयॉर्कमधील विमा व्यवसायातील एका धनिकाने बिशपना 65,300 डॉलर दिले होते आणि सरकारी हिशेबात त्यांपैकी 17,000 च दाखविले गेले होते. व्हर्जिनियाचा भाविक मतदार धर्मनिष्ठेचा आवाज ऐकत होता. त्या आवाजामागील पैसा रिपब्लिकनांच्या न्यूयॉर्कमधून येत होता, हे त्याला माहीत नव्हते. पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा विमा! 1905 च्या बैठका आठवणाऱ्याला यात काही नवे वाटले नसते.

बिशप आणि समितीच्या कोषाध्यक्ष ॲडा बरोज यांच्यावर आरोप ठेवले गेले. अध्यक्षाचे निर्वाचक नेमणे हा राज्यांचा अधिकार असल्याने काँग्रेसला यात लक्ष घालता येत नाही, असा त्यांचा बचाव होता. तेरा वर्षांपूर्वी ह्यूज यांनी न्यूबेरी यांच्यासाठी लढविलेल्या मुद्द्याचे हे धाकटे भावंडच. 8 जानेवारी 1934 रोजी न्यायालयाने तो फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती सदरलँड यांचे होते आणि सरन्यायाधीश त्याच्याशी सहमत होते. राष्ट्राच्या सर्वोच्च पदाची निवडणूक पैशाच्या भ्रष्ट वापरापासून सुरक्षित ठेवण्याचा अधिकार राष्ट्राला असलाच पाहिजे, आणि देणगीदारांची नावे उघड करणे हा त्याचा योग्य उपाय आहे, असे काँग्रेसने मानले तर न्यायालय त्यात हस्तक्षेप करणार नाही, असा निकालाचा आशय आहे. प्रत्यक्ष खटल्यात त्या वर्षी एप्रिलमध्ये बिशप आणि कोषाध्यक्ष दोघेही निर्दोष सुटले. तत्त्व जिंकले, आरोपीही जिंकले. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी यंत्रणाच नव्हती.

या निकालाची पुढची कथा ह्यूज यांच्या मृत्यूनंतरची आहे, पण ती येथेच सांगणे सोयीचे. वॉटरगेटनंतर 1974 मध्ये अमेरिकेने कडक कायदा व स्वतंत्र निवडणूक आयोग आणला. 1976 च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारापासून स्वतंत्र राहून केलेल्या खर्चावरील मर्यादा रद्द केली, मात्र तो उघड करण्याची सक्ती बरोज निकालाचा आधार घेऊन कायम ठेवली. 2010 मध्ये कंपन्यांनाही असा स्वतंत्र खर्च करण्यास मुभा मिळाली. त्याही वेळी उघडपणाच्या बाजूने नऊपैकी आठ न्यायाधीश होते. न्यायालयाचा तर्क ह्यूज यांच्या दोन्ही भूमिकांची बेरीज आहे: खर्च करू द्या, पण नाव सांगा. व्यवहारात नाव सांगितले जात नाही. अमर्याद देणग्या घेणाऱ्या समित्या आपले देणगीदार जाहीर करतात खऱ्या, पण त्या यादीत पुष्कळदा एखाद्या समाजकल्याण संस्थेचे नाव असते, आणि त्या संस्थेला पैसा कोणी दिला हे सांगण्याची तिच्यावर सक्ती नसते. कॅनन यांच्या समितीला जे 1928 मध्ये चोरून करावे लागले ते आता वकिलाच्या सल्ल्याने राजरोस करता येते.

आपणही यातून सुटलेलो नाही. टाटा लोखंड कंपनीने राजकीय देणग्यांसाठी आपल्या घटनापत्रात बदल मागितला तेव्हा 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांनी परवानगी दिली, परंतु लोकशाहीला यातून असलेल्या धोक्याचा इशारा देऊन संसदेला विचार करण्यास सांगितले. उमेदवाराच्या लेखी अधिकाराविना इतरांनी त्याच्यासाठी खर्च करणे हा भारतीय दंडसंहितेत 1920 पासून गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा होती पाचशे रुपयांपर्यंत दंड! 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या संमतीने पक्षाने व मित्रांनी केलेला खर्च त्याच्या मर्यादेत मोजावा असे ठरविले. त्याच महिन्यात वटहुकूम निघून हा खर्च मर्यादेबाहेर टाकण्यात आला. ही पळवाट 2003 मध्ये बरीचशी आवळली गेली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचारखर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेरच राहिला. निनावी निवडणूक रोखे 2018 मध्ये आले व 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या याद्या कचेऱ्यांतून आणि शिक्षकदालनांतून लोकांनी ज्या उत्सुकतेने वाचल्या, ती सिटी हॉलमधील गर्दीला ओळखीची वाटली असती.

ह्यूज यांच्या अखेरच्या वर्षांत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्यायाधीशांची संख्या वाढवून न्यायालय वळविण्याचा घाट घातला. सिनेटला लिहिलेल्या एका पत्रात, न्यायालयाचे काम तुंबलेले नाही हे ह्यूज यांनी आकडेवारीनिशी दाखविले आणि ती योजना कोसळण्यास मोठा हातभार लावला. नोंदी वाचण्याची जुनी सवय. 1941 च्या मे महिन्यात लुइझियानातील एका खटल्यात प्राथमिक निवडणुकीचा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला, आणि काँग्रेसला तिचे नियमन करता येते असा निकाल झाला. न्यूबेरी खटल्यात मिळविलेला ह्यूज यांचा विजय अशा रीतीने पुसला गेला. त्या निकालात सरन्यायाधीशांनी भाग घेतला नाही. एके काळी त्याच मुद्द्यावर वकील म्हणून उभे राहिल्यामुळे ते बाजूला झाले, आणि तेवढी नोंद निकालपत्राखाली आहे. पुढच्याच महिन्यात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. 27 ऑगस्ट 1948 रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑस्टरव्हिल येथे वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1925 चा कायदा तेव्हा अमलात होता, आणि 1971 मध्ये नवा कायदा संमत होईपर्यंत तो तसाच पुस्तकात राहिला.